पाय कोणाचे धुवायचे?

प्रायश्चित्तकाळात नम्रतेवर प्रवचने देण्यात आम्ही धर्मगुरू कोणाला हार जात नाही. गोरेगावच्या सेमिनरीत तिचे धडे आम्ही गिरवले आहेत. परंतु पवित्र गुरुवारी पादप्रक्षालनासाठी बारा जणांची यादी करताना ती नम्रता कोठे जाते? यादीत असतात कमिटीचे सभासद आणि देणगीदार. तेही घरूनच पाय स्वच्छ धुऊन आलेले! त्यांवर तांब्याभर पाणी ओतणे ही नम्रता नव्हे, तो सत्कार होय.

२०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात कैदी मुलामुलींचे पाय धुतले. त्यांत मुस्लीमही होते. २०१६ साली या विधीत स्त्रियांनाही अधिकृत स्थान मिळाले. नियम बदलला, आमची यादी बदलली काय?

‘अशाने विधीचे पावित्र्य राहील काय?’ असे कोणी विचारतात. योहानाचे शुभवर्तमान उघडून पाहावे. यहूदा बाहेर पडला तो पाय धुणे आटोपल्यानंतर. प्रभूने त्याला वगळले नाही. मग वगळणारे आम्ही कोण?

मांस सोडणे सोपे, मान सोडणे कठीण. यंदा चर्च झाडणाऱ्या भगिनीला प्रथम बोलावू या. आणि घरी परतताना, ज्या भावाशी आपण अबोला धरला आहे, त्याचे दार ठोठावू या.