तोतया, बहुरूपी आणि मित्र

यंदाच्या अंकाचा विषय ‘तोतया’ ठरला तेव्हा आमच्यातल्या एकीने विचारले, “म्हणजे पुन्हा पानिपत?” हो, पुन्हा पानिपत. त्याला इलाज नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणात पडले, पण पुण्यात ते सगळ्यांना पटले नाही. पार्वतीबाईंनी तर वैधव्य कधी पत्करलेच नाही. या न पटण्याच्या फटीतून सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून आत शिरला. थोरल्या माधवरावांनी चौकशी करून त्याचे सोंग उघडे पाडले आणि त्याला कैदेत टाकले. प्रकरण तिथेच मिटायचे. पण माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, गादीवर तान्हे मूल आले, आणि १७७६ मध्ये रत्नागिरीच्या मामलेदारानेच त्याला बाहेर काढून भाऊ म्हणून पुढे केले. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. महादजी शिंद्यांनी बंड मोडले, पळता पळता तो आंग्र्यांना सापडला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली.

एकदा उघडा पडलेला माणूस दुसऱ्यांदा चालला कसा? आमचे मत असे, की तो मामलेदार भोळा नव्हता. पुण्याच्या कारभाऱ्यांवर रुष्ट असलेल्यांना भाऊ हवाच होता. खरा की खोटा, हा प्रश्न त्यांना पडलाच नसावा. लोकांची आशा आणि चार जणांची सोय, एवढ्यावर तोतया उभा राहतो.

बहुरूपी निराळा. दारात पोलीस होऊन दरडावतो, दंड मागतो, आणि हसणाऱ्या घराकडून बिदागी घेऊन जातो. सोंग दोन्ही बाजूंना ठाऊक असते. आजचा ‘तोतया पोलीस’ व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून ‘डिजिटल अटक’ करतो, तेव्हा कोणी हसत नाही. सुखनिधान आशेवर जगला, हा भीतीवर जगतो. कायद्याच्या मराठीत दोघांनाही तोतयेगिरीच लागू.

आणि टोपणनावे? १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढणारे काशीनाथ रघुनाथ मूळचे आजगावकर, पण बंगालीच्या ओढीने ‘मित्र’ झाले. त्यांना तोतया म्हणायला आमची जीभ रेटत नाही. या अंकातल्या एका लेखिकेची रेटली आहे. तो लेख आम्ही मुद्दाम पहिला छापला आहे.