स्टुटगार्टचा फ्लॅट आणि घाटाखालचे वावर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. घर कोणत्या देशात बांधावे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. सांगण्याचे कारणही नव्हते. मलकापूरला आगगाडीत बसून मुंबईस गेलेला मनुष्य तिथे बिऱ्हाड करी, घर करीत नसे. घर गावीच असायचे. आता आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली मुले विमानाने जातात आणि पाच-सहा वर्षांत फोन येतो, "बाबा, इथंच एक फ्लॅट घ्यावा म्हणतो."

तसे पाहिले तर परदेशाशी आमचे नाते जुनेच आहे. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला तो माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला जातीने आले होते. वऱ्हाडचा कापूस त्या वाटेने सातासमुद्रापार गेला. आता कापूस पिकवणाऱ्यांची मुले जाऊ लागली आहेत, एवढाच फरक.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा असाच फोन घाटाखालच्या एका खेड्यात आला. मुलगा इंजिनियर, मुक्काम जर्मनीतले स्टुटगार्ट. वडील कापूस आणि सोयाबीन पिकवणारे, जमीन पाच एकर. आता मी पडलो मराठीचा प्राध्यापक. ओवीचा अन्वय लावणे हा माझा धंदा. पण मास्तर मनुष्याला सगळेच कागद वाचता येतात अशी खेड्यात एक समजूत असते. तेव्हा वडील पिशवीतून कागद काढीत म्हणाले, "सर, पोराचं घर व्हावं असं मलेही वाटते. पण वावर इकून पैसे धाडायचे म्हणते तो. तुम्ही जरा पाहून सांगा."

मी पाहू लागलो, आणि एक नवेच जग दिसले. परक्या माणसाने आपल्या भूमीत घर घ्यावे की नाही, याविषयी प्रत्येक देशाचा स्वभाव निराळा आहे. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून बहुतेक परदेशीयांना घरखरेदीची बंदी केली आणि ती पुढे २०२७ च्या आरंभापर्यंत वाढवली. सिंगापूर बंदी करीत नाही; ते फक्त किमतीवर शेकडा ६० जादा मुद्रांक शुल्क मागते. एप्रिल २०२३ पासूनचा हा दर ऐकून बंदीच बरी असे वाटावे! थायलंडात परदेशी माणसाला फ्लॅट मिळतो, पण एका इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळापैकी शेकडा ४९ पर्यंतच. जर्मनीत यातले काहीच नाही. तिथे परक्यालाही घर घेता येते. मात्र घर घेतले म्हणून राहण्याचा परवाना मिळत नाही. तो नोकरीच्या जोरावर वेगळा मिळवावा लागतो.

त्यांची खरेदीची रीत मला फार आवडली. सौदा नोटरीपुढेच झाला पाहिजे, आणि तो नोटरी संपूर्ण करारनामा उभयतांना मोठ्याने वाचून दाखवतो. पोथी वाचावी तसा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत! घेणाऱ्याला भाषा कळत नसेल, तर त्याला ते त्याच्या भाषेत समजावून द्यावे लागते. "बघा, इथे इथे सह्या करा," असे म्हणून कागद पुढे सरकवण्याची आपली रीत आठवून मला जरा ओशाळल्यासारखे झाले.

पण पोथीला दक्षिणा असतेच. समजा, फ्लॅटची किंमत ४ लाख युरो आहे. त्या प्रांताचा खरेदीकर शेकडा ५, म्हणजे २० हजार. नोटरी आणि जमीन-नोंदणी मिळून सुमारे शेकडा २, म्हणजे ८ हजार. दलालाची खरेदीदाराकडची वाटणी बहुधा शेकडा ३.५७, म्हणजे १४ हजारांवर. एकूण झाले ४२ हजार युरो. बँक घरावर कर्ज देते. हा वरखर्च मात्र सहसा पदरचा घालावा लागतो. आपल्या पैशांत ही रक्कम चाळीस लाखांच्या आसपास जाते. पाच एकर वावर विकायचे होते ते या वरखर्चासाठी. त्यातून एक वीटही येणार नव्हती.

पैसे पाठवणे तरी सोपे आहे का? रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, तेव्हा परवानगीची अडचण नव्हती. पण एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक शेकडा २० कर आगाऊ वसूल करते. चाळीस लाख पाठवायचे तर सहा लाख आणखी हवेत! हा कर पुढे हिशेबात वळता होतो किंवा परत मिळतो, हे खरे. पण शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नसल्यामुळे ज्याने जन्मात विवरणपत्र पाहिले नाही, त्याने ते सहा लाख कुठून आणायचे आणि सोडवायचे कसे?

तरीही खरी गोम पुढेच होती. आपल्या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे परदेशी राहणाऱ्या भारतीयाला इथे फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येते. शेतजमीन मात्र घेता येत नाही. उद्या मुलाने जर्मन नागरिकत्व घेतले, तर आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने भारताचे सुटेल. 'ओसीआय' कार्ड मिळेल, पण त्यावरही शेत विकत घेता येणार नाही. मात्र बापाचे शेत वारसाने मिळाले, तर ते त्याला ठेवता येते. म्हणजे स्टुटगार्टचा फ्लॅट आज हुकला तरी पाच वर्षांनी दुसरा मिळेल. वावर एकदा गेले, की परदेशात राहत असेतो मुलाला त्याच्या धुऱ्यालगतचा तुकडादेखील विकत मिळणार नाही.

हे मी वडिलांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आमी ठेवलं तरच त्याचं राह्यते." इतका नेमका अन्वय माझ्या वर्गात अलीकडे कोणी लावलेला नाही.

मुलगा समंजस निघाला. फोनवर सारे ऐकून त्याने विचारले, "सर, मग बाबांना सांगा, वावर राहू द्या. मी वरखर्चापुरते साठवतो. दोन-तीन वर्षं भाड्याने काढीन, त्यात काय?" दुःख त्याला झाले असणारच. परमुलखात घरमालकाच्या मर्जीने राहणे म्हणजे काय, हे बाहेरगावी खोली करून शिकलेल्या कोणालाही ठाऊक आहे. बापालाही रुखरुख राहिली आहेच. मुलाने मागितले आणि आपण दिले नाही, ही गोष्ट कायद्याचे कलम दाखवून पुसली जात नाही.

स्टुटगार्टकडच्या श्वाबियन लोकांत कष्ट करून स्वतःचे घर करणे हीच जन्माची इतिकर्तव्यता मानतात. आणि त्यांच्यात एक चाल आहे: इमारतीचा जिना दर आठवड्याला पाळीपाळीने बिऱ्हाडकरूंनी झाडायचा. त्यात मालक आणि भाडेकरू असा भेद नाही. तेव्हा आमच्या मुलाला तिथे मालकी मिळायची तेव्हा मिळेल. जिना झाडायचा मान त्याला आजच मिळालेला आहे!