चूक कोणाची, दुरुस्ती कोणाची?

‘अनवधानाने झालेली चूक’ हा शब्दप्रयोग गोव्यात अलीकडे फार महाग झाला आहे. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये आपली जमीन शेती म्हणून चुकून रंगविली गेली, असा अर्ज मालकाने करावयाचा आणि शासनाने ती चूक सुधारून तेथे वस्तीचा रंग भरावयाचा, ही सोय नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम १७(२) घालून २०२३ साली करण्यात आली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालील नियम रद्द केले. पण तोवर लक्षावधी चौरस मीटरांचा रंग पालटला होता. शिवाय २०२४ च्या कलम ३९-अ ने तर चुकीचा बहाणाही अनावश्यक केला. भातशेती बिगरशेतकऱ्यास विकण्यावर बंदी घालणारा कायदाही २०२३ चाच, हा योगायोग मोठा बोलका आहे.

या व्यवहारात सर्वांत असहाय आहे ते खाजन. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या पूर्वजांनी मांडवी-झुवारीच्या खाऱ्या पाण्याला चिखलमातीचे बांध घालून सुमारे १८,००० हेक्टर भूमी लागवडीखाली आणली. त्या बांधातील मानस पाहिली आहे का कोणी? ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने तिची लाकडी दारे उघडतात, भरती आली की तीच भरती त्यांना लोटून बंद करते. यंत्र नाही, वीज नाही. आषाढातल्या पावसाने जमिनीतले मीठ धुतले जाते, मग कोरगुट भात उभे राहते. कापणीनंतर खारे पाणी आत घेऊन मासळी, आणि त्या मासळीच्या पावणीतून गावकारीला उत्पन्न. अतिवृष्टीच्या दिवशी गावावर चढणारे पाणी हीच सखल भूमी पोटात घेते. तिच्यावर चार मीटर भर टाकली की ते पाणी नाहीसे होत नाही. शेजाऱ्याच्या ओसरीवर येते.

एवढे असूनही कायद्याच्या लेखी हे पाणथळ नव्हेच! केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून भातशेती आणि मिठागरे वगळलेली आहेत. माणसाने घडविली म्हणून तिला निसर्गाचे संरक्षण नाही, आणि कोणी कसत नाही म्हणून शेतीचेही नाही.

‘कसत नाही’ हा तर प्रतिपक्षाचा हुकमी पत्ता. पडीक जमीन ठेवून काय करावयाचे, मुलांना घरे नकोत काय, असे विचारले जाते. घरे हवीत; पण खाजनात उभे राहणारे बंगले गावच्या मुलांना परवडणारे नाहीत, हे विचारणाऱ्यासही ठाऊक असते. आणि जमीन पडीक होते कशी? मानशीची फळी कुजू द्यावयाची, बांधाला भगदाड पडू द्यावयाचे; दोन पावसाळ्यांत शेत खारे होते. मग त्याच खारटपणाचा दाखला अर्जाला जोडता येतो.

मात्र सगळा दोष शासनावर ढकलून मोकळे होणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची निगा गावकारीकडून कूळ संघांकडे गेली, आणि आम्ही सुशिक्षित घराणी हात झटकून शहरांत स्थिरावलो. झोण घ्यावयास आम्ही कोमुनिदादीत जातो. बांध फुटल्याची वार्ता मात्र वर्तमानपत्रांतून कळते. आमच्याच घरात गतवर्षी एका दलालाचा कागद आला. वडिलार्जित खाजनाचा हिस्सा, सह्या तेवढ्या हव्यात. चुलत भावांपैकी दोघांनी केल्या. माझी अजून बाकी आहे, म्हणून घरात माझ्याशी बोलणे कमी झाले आहे.

त्या कागदावरही जमिनीचे वर्णन ‘पडीक’ असेच आहे. तो शब्द खोडून ‘खाजन’ लिहावे, एवढीच माझी दुरुस्ती मी कळविली आहे.