बंद कोणी केले, कधी केले



पिंपळवंडीच्या एका ताईंनी विचारले आहे, "मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे एआय एजंटला चालू-बंद करता यावीत म्हणून कंपनीने एक टूल बनवले. त्याची माहिती लिहून काढायचे काम आमच्या मुलाला दिले. बाकीची पोरे प्रोग्रॅम लिहितात, हा नुसते कागद लिहितो. एवढे शिकून कारकुनीच का?"

ताई, हलके काम आपल्याच वाट्याला आले की काय, ही शंका आपल्या घरांत लगेच येते, आणि ती येण्याला कारणेही आहेत. पण या कामाबाबत ती खरी नाही, असे मला वाटते. का, ते सांगतो.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांच्या तुमच्या भागात शेजपाळी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. नमुना ७ चा अर्ज भरायचा, पाळी लागायची, आणि आवर्तन सुटले की पाटकरी ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे दार उघडणार. संगणकातही असेच पाळीपत्रक असते. युनिक्स नावाच्या प्रणालीत 'क्रॉन' या नावाने ते १९७० च्या दशकापासून आहे. रात्री बाराला दिवसाचा हिशोब जुळवणे, महिनाअखेर पगाराची यादी बँकेकडे पाठवणे, शिष्यवृत्तीची रक्कम खात्यावर टाकणे, अशी कामे त्यात लावून ठेवता येतात. मग तिथे कोणी जागत बसत नाही.

दुरुस्ती निघाली की यातले एखादे काम थोडा वेळ बंद ठेवावे लागते. आजवर ते माणूस करी. आता एआय एजंट, म्हणजे सांगितलेले काम स्वतः पावले ठरवून पार पाडणारा प्रोग्रॅम, हे करू लागला आहे. पाटकरी कालव्यावर वाढलेला असतो. कोणती चारी फुटली आहे, कोणाचा कांदा सुकतो आहे, हे त्याला तोंडी सांगितले तरी पुरते. एजंटला गाव माहीत नाही. त्याच्यापुढे टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि काय काय भरून द्यायचे त्याची यादी ठेवतात. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची पद्धत जाहीर केली, तिच्यातही टूलची ओळख अशीच करून दिली जाते. ते वाचूनच एजंट ठरवतो, हे टूल वापरायचे की नाही. म्हणजे तुमचा मुलगा जो कागद लिहितो आहे, बहुतेक वेळा तेवढेच त्या एजंटचे ज्ञान.

आता त्या कागदात काय असावे? 'बंद' हा शब्दच घ्या. पुढची पाळी बंद, की आत्ता चालू असलेले कामही थांबवायचे? कुबरनेटीस या नावाजलेल्या प्रणालीत वेळेवरचे काम स्थगित केले, तरी आधीच सुरू झालेले काम थांबत नाही. आणि त्याहून घोटाळ्याची गोष्ट अशी, की किती उशिरापर्यंत काम सुरू केले तर चालेल याची मर्यादा घातलेली नसेल, तर स्थगिती उठवताच चुकलेली पाळी लगेच धावू लागते. दुपारी बारा वाजता, भर गर्दीत, रात्रीचे काम सुटायचे! कालव्यावर चुकलेली पाळी भरून द्यायची की नाही यावरून केवढी भांडणे होतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मोटारीच्या स्टार्टरला हिरवे आणि लाल अशी दोन बटणे का असतात? एकच बटण असते, तर अंधारात दोनदा दाबले की बंद केलेली मोटार पुन्हा चालू. उत्तर वेळेत आले नाही तर एजंटही तीच आज्ञा पुन्हा देतो. म्हणून 'चालू कर' आणि 'बंद कर' या वेगळ्या आज्ञा हव्यात, आणि दोनदा दिल्या तरी परिणाम एकच असावा. घड्याळ कोणते तेही लिहावे. पुष्कळ संगणक जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. त्यांची रात्रीची बारा म्हणजे आपली पहाटेची साडेपाच.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती नोंद. कोणी बंद केले, कोणत्या कारणाने, पुन्हा कधी चालू करायचे. महाडचे उदाहरण आपल्याला पाठ आहे. रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तिथे जाऊन पाणी प्यावे लागले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. हायकोर्टाचा निकाल १९३७ साली आपल्या बाजूने लागला. चालू केल्याची तारीख आहे, बंद केल्याची तारीख आहे, करणाऱ्या संस्थेचे नाव आहे. म्हणून आज आपण बोट ठेवू शकतो. शिष्यवृत्तीचे काम एखाद्या एजंटने बंद केले आणि मागे काहीच लिहून ठेवले नाही, तर पोरगी कोणाच्या दारात जाणार? "सिस्टीममध्ये आहे" एवढेच उत्तर खिडकीवर मिळेल.

तेव्हा मुलाला सांगा, कारण लिहिल्याशिवाय बंद करता येणार नाही, असे त्या टूलमध्येच घालायला लाव. एजंट कोणाच्या सांगण्यावरून चालला आहे त्या माणसाचे नाव नोंदीत हवे. आणि पगार, पेन्शन, शिष्यवृत्ती यांची कामे माणसाच्या होकाराशिवाय बंद होऊ नयेत, हे कागदाच्या पहिल्या चार ओळींतच यावे.

त्याचा पगार प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांपेक्षा कमी असेल, तर ती तक्रार खरी आहे. ती त्याने साहेबांपुढे मांडावी, आणि लिहिलेल्या कागदावर आपले नाव आहे की नाही तेही पाहावे.