वय विचारता, तसं बळही विचारा!

‘‘मणक्याचं ऑपरेशन? नको गं बाई! माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो.’’ बचत गटाच्या बैठकीत कंबरदुखीचा विषय निघाला की हे वाक्य कुणी ना कुणी बोलतंच. लगेच दुसरी सांगते, ‘‘माझ्या नणंदेच्या सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, पण ऑपरेशननंतर दोन महिन्यांत देवळात चालत जायला लागल्या.’’ तिसरीची शेजारीण जेमतेम पंचावन्नची, पण वर्ष झालं तरी काठीशिवाय उठत नाही. मग आपण म्हणतो, ज्याचं त्याचं नशीब, नाहीतर डॉक्टरचा हातगुण!

सर्जनचं कौशल्य, नस किती दिवस दबलेली होती, मधुमेह आहे का, या सगळ्याला महत्त्व आहेच. पण आणखी एक गोष्ट असते, जिच्याकडे घरात कुणाचंच लक्ष जात नाही. ऑपरेशनला जाताना त्या बाईच्या अंगात बळ किती होतं?

वय आणि बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर मंडळी ‘फ्रेल्टी’ असा शब्द वापरतात. म्हणजे शरीराची शिल्लक संपत आलेली असणं. रोजचं कसंबसं निभतं, पण आजार किंवा ऑपरेशनचा धक्का आला की सावरता येत नाही. अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याच्या पाच खुणा मांडल्या. प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलो किंवा त्याहून जास्त वजन घटणं, सतत थकवा, मुठीची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. यातल्या तीन किंवा जास्त खुणा असतील तर ते शरीर फ्रेल समजायचं. एक-दोन असतील तर तो सावध होण्याचा इशारा.

मणक्याच्या ऑपरेशनबाबतही देशोदेशीच्या अभ्यासांत हेच दिसत आलं आहे. शरीर असं खंगलेलं असेल तर नंतरची गुंतागुंत वाढते, हॉस्पिटलमधला मुक्काम लांबतो, हिंडूफिरू लागायला वेळ लागतो. नुसतं जन्मसाल पाहून हे कळत नाही.

हे बळ मोजायला महागडं मशीन लागत नाही. मुठीची पकड एका छोट्या उपकरणाने मोजतात. २०१९ मध्ये आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने बायकांसाठी १८ किलोपेक्षा कमी पकड ही दुबळी मानली. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर तीही धोक्याची खूण मानली. अर्थात, मानेतला मज्जारज्जू दबला असेल तर त्या आजारामुळेच पकड जाते, कंबरेची नस दबली असेल तर पाय साथ देत नाहीत. म्हणून आकड्याचा अर्थ डॉक्टरांनीच लावायचा, आपण घरी बसून निकाल द्यायचा नाही.

आता खरा प्रश्न आपल्या घरातला. मैत्रिणींनो, बाईचा अशक्तपणा आपण आजार मानतच नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० भारतीय स्त्रियांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, डाळीचं पाणी आपल्या वाटीत, अंडं मुलांच्या ताटात. व्यायामाचं नाव काढलं तर ‘‘घरात दिवसभर राबते की, वेगळा व्यायाम कशाला?’’ पण ओट्याशी तासन् तास उभं राहिल्याने अंग शिणतं, स्नायू बळकट होतात असं नाही. आणि अशा बाईचं दुखणं अगदी असह्य झालं, की मग थेट ऑपरेशनची तारीख!

माझं म्हणणं एवढंच, की ऑपरेशन ठरलं आणि तातडीचं नसलं, तर हाती असलेले आठवडे वाया घालवू नका. पैशांची जमवाजमव आपण करतो, तशीच शरीराचीही करावी. हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्यावी. घरात तंबाखू किंवा मिश्री असेल तर ती बंद करावी. फिजिओथेरपिस्टला विचारून झेपेल तेवढं चालावं, उठबस करावी. खाण्याचं म्हणाल तर, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात, वय झालेल्यांना थोडी जास्तच. वरण, उसळ, दही, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं, हे तिच्या ताटात आधी पडलं पाहिजे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. ऑपरेशननंतरही ‘पडून राहा’ हा प्रेमाचा सल्ला महागात पडतो. २००७ साली अमेरिकेत निरोगी वयस्कर माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं. डॉक्टर ‘चाला’ म्हणाले की चालायचं. पण ‘उठली म्हणजे बरी झाली’ म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्या हाती कळशीही द्यायची नाही.

एक भीती मलाही वाटते. उद्या हाच आकडा दाखवून घरचे म्हणतील, ‘‘हिच्यात त्राण नाही, कशाला खर्च करायचा?’’ ही मापं त्यासाठी नाहीत. कुणाला जास्त तयारीची आणि आधाराची गरज आहे, हे ओळखण्यासाठी ती आहेत. वय सुधारता येत नाही, बळ मात्र थोडंफार का होईना वाढवता येतं. शिवाय पाय अचानक लुळा पडला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, तर बळ वाढवत बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पुढच्या वेळी सर्जनसमोर बसाल तेव्हा ‘‘किती खर्च येईल?’’ याच्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. ‘‘हिची ताकद तपासली का? आणि ती वाढवायला आम्ही घरी काय करू?’’ हे प्रश्न सासूबाईंसाठी विचारा, आईसाठी विचारा. आणि हो, स्वतःसाठी विचारायलाही लाजू नका!