अंगठा देऊ नका

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा, सचिनमधल्या खानदेशी कामगार भाऊ-बहिणींनो,

लूमच्या खात्यात बोटं गेली की पहिल्या दिवशी शेठ दवाखान्याचं बिल भरतो. आठवडाभराने मुकादम घरी येतो. बहुतेक वेळा आपल्याच तालुक्यातला, आपल्याशी अहिराणीत बोलणारा. "शेठ भला माणूस आहे, 50 हजार देतोय. गावी जा, बरा झालास की ये." सोबत गुजरातीत लिहिलेला कागद. उजवा अंगठा यंत्रात गेलेला, म्हणून डाव्याचा ठसा घेतात. एकलव्याकडे एकच अंगठा मागितला होता! महिनाभराने भुसावळ-सुरत गाडीने परत यावं, तर मशीनवर दुसरा कारीगर उभा.

भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा असा कागद कायदा मानत नाही. 1923 चा भरपाई कायदा असो की 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेली सामाजिक सुरक्षा संहिता, ठसा दिला असला तरी दावा करता येतो. 'तुझंच लक्ष नव्हतं' म्हणूनही शेठ सुटत नाही. माणूस ठेकेदाराचा असला तरी खातेमालकाची जबाबदारी राहते. एका छपराखाली चार पाट्या लावून कामगार दहाच्या आत दाखवले, तरीही राहते. ईएसआय लागू असेल तर भरपाई तिथून मिळते: बरे होईपर्यंत रजेचा पैसा आणि कायमचं अपंगत्व आलं तर जन्मभर दरमहा रक्कम.

आता हिशोब. कायद्याच्या तक्त्यात अंगठा म्हणजे 30 टक्के. वय 30, महिना 15,000 धरला तर 5,61,546 रुपये होतात. कुठे 50 हजार!

आणि तक्ता हा शेवटचा शब्द नाही. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला, तक्त्याप्रमाणे नुकसान अर्धवट आहे. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पूर्ण अपंगत्व धरलं, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. तुटलेला ताणा सांधायला चिमूट लागते. अंगठा नसलेला कारीगर ती कशी धरणार? हेच मांडा. पूर्ण धरलं तर वरच्याच हिशोबाने 18,71,820 रुपये होतात. प्रत्येकाला मिळतीलच असं नाही, पण मागायला सुरुवात इथून करायची.

नोकरी परत मिळेल का? खोटं सांगत नाही. अपंगत्व आल्यावर कामावरून न काढण्याचं 2016 च्या कायद्यातलं संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे. आपल्या खात्यांना ते लावलेलं नाही, आणि याची लाज सरकारला वाटायला हवी. ज्याला काम परत मिळणार नाही, त्याने भरपाईतला एक रुपयाही सोडू नये.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करा. गावी परतला असाल तर सुरतेच्या फेऱ्या नकोत. राहत्या ठिकाणच्या, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अधिकाऱ्याकडेही तो दाखल होतो. मीटरवर पगार असेल तर त्याची वही, फोनवर आलेल्या पैशांच्या नोंदी आणि दवाखान्याचा पहिला केसपेपर जपून ठेवा. त्यावर 'घरी पडला' असं लिहिलेलं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या.