मोजणी कोणी करावयाची?

कारखान्यातील कामाचा प्रवाह-आलेख काढावयाचा, माल अडतो त्या जागा हेरावयाच्या आणि तेवढ्या मोजक्याच आकड्यांवर व्यवस्थापनाची माहितीयंत्रणा उभारावयाची, हे औद्योगिक अभियांत्रिकीचे तंत्र भांडवलदारांची मिरासदारी नव्हे. १९७१ साली चिलीच्या अलेंडे सरकारने ब्रिटिश तज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांना पाचारण केले, ते राष्ट्रीयीकृत उद्योगांसाठी. कच्चा माल, उत्पादन व कामगारांची गैरहजेरी यांचे आकडे टेलेक्सने सँटियागोच्या संगणकाकडे जाऊ लागले. गैरहजेरी ही बेशिस्त न मानता असंतोषाची खूण मानली गेली. मालकशाहीला ही दृष्टी सहसा सुचत नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये मालमोटारमालकांनी संप पुकारला, तेव्हा माल कोठे अडला आणि वाहने कोठे मोकळी आहेत, हे सरकारला या टेलेक्सच्या जाळ्यानेच कळविले.

परंतु आलेख कामगारांनी काढावेत ही बीअर यांची अपेक्षा फोल ठरली. अभियंते बहुधा व्यवस्थापकांशीच बोलून परतले! यंत्रापाशी उभ्या माणसाला ठाऊक असलेले मग आलेखात उतरावे कसे? ही चूक सुधारण्यास अवधीच मिळाला नाही. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सरकार उलथविले. आपल्याकडे तशी अडचण नाही. काय मोजावयाचे हे ठरविताना कामगार प्रतिनिधी हजर असावा, एवढे कलम मागणीपत्रकात घालण्यास संघटनांना कोणी अडविले आहे?